‘त्या बाईंचा कोर्स घेऊ नकोस’

ऑगस्टमध्ये रजिस्ट्रेशन करत होते तेव्हा मला तीन ठिकाणांहून एकच सल्ला आला होता, बाकी काहीही घे पण त्या बाईंचा युरोपचा इतिहास घेऊ नकोस. एक सल्ला आमच्याच बिल्डिंगमधल्या नर्सिंग शिकणाऱ्या मुलीचा, दुसरा कॉलेजच्या लायब्ररीत काउंटरवर बसणाऱ्या मुलाचा, आणि तिसरा इंटरनेटवर प्रोफेसरांना पाचपैकी मार्क देतात ना, तिथला. तिथे तर अख्खी रांगच होती. स्लाइड देत नाही, अभ्यासाचे पॉइंट्स देत नाही, काय हवंय ते कधीच स्पष्ट सांगत नाही, चार लेक्चर बुडली की ग्रेड गेलीच समजा, थंड आहे, हसत नाही. आणि मध्येच एखादा असा की माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात चांगल्या प्रोफेसर ह्याच. एकाच माणसाबद्दल एक आणि पाच असे दोनच आकडे जास्त, मधले तीन जवळजवळ नाहीतच.

मी तरी घेतला. खरं कारण सांगायचं तर वेळ. मंगळवार-गुरुवार संध्याकाळी सहा ते सव्वासात, तेव्हा नवरा घरी आलेला असतो आणि मुलगी त्याच्याकडे राहू शकते, माझ्या वेळेत बसणारा इतिहासाचा तेवढा एकच कोर्स होता. मी साताऱ्याची, तिथेच बीए केलं, तेही इतिहास घेऊन, न्यू जर्सीला येऊन मला सहा वर्षं झाली होती, इथल्या शाळेत सोशल स्टडीज शिकवायचं मनात होतं आणि त्यासाठी इथले क्रेडिट, म्हणजे कोर्स पास झाल्याचे गुणांक, हवेत. त्यातला सोपा आणि परवडणारा रस्ता म्हणजे कम्युनिटी कॉलेज. दोन वर्षांचं कॉलेज, फी विद्यापीठाच्या मानाने बरीच कमी, आणि मिळालेले क्रेडिट पुढे चार वर्षांच्या विद्यापीठात ट्रान्सफर होतात. वर्गात अठरा वर्षांच्या पोरांपासून नोकरी करून येणाऱ्या पन्नाशीच्या बायकांपर्यंत सगळे असतात, त्यामुळे चौतिसाव्या वर्षी वर्गात बसताना अजिबात संकोच वाटला नाही.

ह्याला सर्व्हे कोर्स म्हणतात, म्हणजे सगळ्यावरून एकदा नजर फिरवायची. आमचा होता १५०० पासून आजपर्यंतचा युरोप, पंधरा आठवड्यांत. हिशोब केला तर आठवड्याला चौतीस-पस्तीस वर्षं! पहिल्या दिवशी बाई आल्या, हातात फक्त एक फाइल, आणि त्यांनी युरोपपासून सुरुवातच केली नाही, हा कोर्स अमेरिकेत शिकवतातच का तिथपासून केली. पहिल्या महायुद्धात अमेरिकन पोरांना आपण युरोपात कशासाठी लढायला जातोय ते कळावं म्हणून कॉलेजांमधून खास कोर्स सुरू झाले, त्यातूनच १९१९ मध्ये कोलंबिया विद्यापीठात असा सर्वांना सक्तीचा कोर्स आला आणि मग तो देशभर पसरला. ‘आपण सगळे युरोपचे वारसदार’ असा त्याचा सूर. पुढे १९८७-८८ मध्ये स्टॅनफर्डला विद्यार्थ्यांनी ह्याच सुराविरुद्ध मोर्चे काढले, आमच्या आजी-आजोबांचा इतिहास ह्यात कुठे आहे म्हणून, आणि तिथला कोर्स बदलावा लागला. हे सांगून बाई म्हणाल्या की तुम्ही जो कोर्स घेताय तो स्वतःच इतिहासाचं एक कागदपत्र आहे, त्याच्याकडेही तसंच बघा. मला हे भयंकर आवडलं. माझ्या शेजारची मुलगी मात्र वहीत काहीच लिहित नव्हती, नंतर म्हणाली ह्यातलं परीक्षेला काय येणार ते कळलंच नाही.

तिसऱ्या आठवड्यात पहिला पेपर. १५१७ मध्ये मार्टिन लूथर ह्या जर्मन धर्मगुरूने पोपच्या चर्चला दिलेलं आव्हान, ज्यातून पुढे प्रॉटेस्टंट पंथ निघाला, १५२१ मध्ये वर्म्स गावी बादशहासमोर त्याची पेशी, आणि मग १५२४-२५ मध्ये जर्मन शेतकऱ्यांचा उठाव. त्या शेतकऱ्यांनी मार्च १५२५ मध्ये मेमिंगेन गावी बारा मागण्यांचा एक जाहीरनामा काढला होता, तो वाचून चार पानं लिहायची, बस, एवढंच सांगितलेलं. प्रश्नसुद्धा नाही! मी साताऱ्यात जे शिकले होते ते सगळं पणाला लावलं. उठावाची कारणे, अ) धार्मिक ब) आर्थिक क) सामाजिक ड) राजकीय, मग उठावाचे स्वरूप, मग परिणाम, मग महत्त्व. प्रत्येक मुद्द्याला उपमुद्दा, सनावळ्या चोख, एक वाक्य चुकीचं नाही. आपल्याकडे हाच पेपर दिला असता तर सरांनी वर्गात वाचून दाखवला असता, हे मी आजही म्हणेन.

पेपर परत आला, सी. शेवटच्या पानावर पेन्सिलने दोन वाक्यं, सगळं बरोबर आहे. पण तुझं म्हणणं काय आहे?

त्या रात्री गाडीत बसून रडले मी. ग्रेडसाठी नाही खरं तर. इतिहास हा एकच विषय असा होता की जो मला येतो असं मला लहानपणापासून वाटत होतं, आणि तोच मला येत नाही असं कुणीतरी मला परक्या देशात सांगितलं होतं. आईला फोन केला तर ती म्हणाली, अगं मग सोड ना तो विषय, तुला कुठे अडलंय. नवरा म्हणाला ड्रॉपची, म्हणजे कोर्स सोडायची, तारीख बघून ठेव. सगळे रिव्ह्यू परत काढून वाचले, आणि आता मात्र ‘काय हवंय ते कधीच स्पष्ट सांगत नाही’ हे मला अगदी माझंच वाक्य वाटायला लागलं.

पण त्याच आठवड्यात ते प्रागच्या खिडकीचं लेक्चर झालं आणि मी थांबले.

२३ मे १६१८. प्रागच्या किल्ल्यात चिडलेल्या प्रॉटेस्टंट सरदारांनी बादशहाच्या दोन कॅथलिक कारभाऱ्यांना आणि त्यांच्या सेक्रेटरीला उचलून खिडकीतून बाहेर फेकलं. सुमारे ७० फूट उंची. आणि तिघंही वाचले! ह्यातून पुढे तीस वर्षांचं युद्ध पेटलं, ते १६४८ ला वेस्टफालियाच्या तहाने संपलं, मध्य युरोप पार उजाड झाला, हे सगळं पुस्तकात आहेच. बाईंनी फळ्यावर दोनच वाक्यं लिहिली. कॅथलिक सांगत होते की मेरीमातेने त्यांना वरच्या वर झेललं. प्रॉटेस्टंट सांगत होते की ते उकिरड्यावर पडले. मग खडू ठेवला आणि आम्हाला विचारलं, ह्यातून त्या तीन माणसांबद्दल काय कळतं? वर्ग गप्प. कुणीतरी म्हणालं की ते वाचले. बरं, आणि सांगणाऱ्यांबद्दल काय कळतं? मग मात्र हात वर व्हायला लागले, आणि पुढची चाळीस मिनिटं वर्गात नुसती गडबड, कोण सांगतंय, कुणाला सांगतंय, कधी सांगतंय, हे सांगून त्याला काय साधायचंय. तो रात्री गोदामात काम करून येणारा मुलगा, जो एरवी मागे बसून पेंगायचा, तो म्हणाला की दोघांनाही एक गोष्ट मान्य आहे की एवढ्या उंचीवरून पडून माणूस जगत नाही, म्हणूनच दोघांनाही काहीतरी कारण शोधावं लागलं. बाई त्याच्याकडे बघत दोन सेकंद थांबल्या आणि म्हणाल्या, हे मी आजवर कुणाकडून ऐकलं नव्हतं. हसल्या नाहीत. पण त्या मुलाचा चेहरा मला अजून आठवतो.

घरी जाताना माझ्या डोक्यात एकच, की मी ते रिव्ह्यू असे कधी वाचलेच नाहीत. कोण लिहितंय, कधी लिहितंय. बहुतेक रिव्ह्यू मे आणि डिसेंबरमधले होते, म्हणजे ग्रेड हातात पडल्याच्या आठवड्यातले. ‘पॉइंट्स देत नाही’ म्हणणारा काय शोधत आला होता, आणि पाच मार्क देणारा काय. प्रोफेसर त्याच, एकाला मेरीमाता दिसली, दुसऱ्याला उकिरडा.

दुसऱ्या दिवशी ऑफिस अवर्सला गेले. इथे प्रत्येक प्रोफेसरला आठवड्यात ठरावीक तास विद्यार्थ्यांसाठी केबिनमध्ये बसावंच लागतं, कुणीही जावं, अपॉइंटमेंट लागत नाही, आणि तरी कुणी जात नाही. आपल्याकडे सरांच्या केबिनमध्ये जायचं म्हणजे काहीतरी चूक झालेली असणार किंवा सही हवी असणार, त्यामुळे मी दारातच उभी राहून आधी सॉरी म्हटलं. बाईंनी खुर्ची दाखवली, माझा पेपर बाजूला ठेवला आणि तो जाहीरनामाच उघडला. तिसरी मागणी मोठ्याने वाच म्हणाल्या. वाचली. ख्रिस्ताने आपलं रक्त सांडून सगळ्यांना सोडवलंय, धनगरालाही आणि सरदारालाही, मग आम्ही कुणाची मालमत्ता कसे, असं काहीसं. मग चौथी-पाचवी, नदीतला मासा आणि रानातलं लाकूड सगळ्यांना मिळावं. मग एकदम बारावी, की ह्यातली एखादी मागणी बायबलच्या विरुद्ध आहे असं कुणी दाखवून दिलं तर आम्ही ती मागे घेऊ.

म्हणाल्या, शेतकरी उठाव करतायत आणि वर मागण्या मागे घेण्याचं वचन देतायत. का?

मी दोन मिनिटं तरी गप्प होते. मग मला आमचे आजोबा आठवले. कूळकायद्याच्या वेळी गावात काय काय झालं ते सांगायचे, मामलेदारासमोर उभं राहिलं की सरकारचंच कलम सरकारला वाचून दाखवायचं, आपलं काही सांगायचं नाही, मग त्याला नाही म्हणता येत नाही. मी म्हटलं, सरदार लोक बायबल मानतात. शेतकऱ्यांनी त्यांच्याच पुस्तकात त्यांना धरलंय. मागे घेऊ म्हणणं हा नमतेपणा नाहीये, ते आव्हान आहे, दाखवाच शोधून. म्हणून तर समासात सगळीकडे बायबलच्या वचनांचे दाखले दिलेत.

बाई म्हणाल्या, हे तुझ्या पेपरात कुठे आहे?

कुठेच नव्हतं. चार पानांत धार्मिक, आर्थिक, सामाजिक, राजकीय सगळं होतं, फक्त हे नव्हतं. ह्यालाच इथे थीसिस म्हणतात. पीएचडीचा प्रबंध नव्हे, एका वाक्यातलं तुमचं म्हणणं, ज्याला समोरचा माणूस ‘मला नाही पटत’ असं म्हणू शकेल. कुणी नाही म्हणू शकत नसेल तर ती नुसती माहिती झाली. हे मला बीएच्या तीन वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं, आणि तेव्हाच्या सरांना मी दोष देत नाही, शंभर-सव्वाशे पोरांचे पेपर, तपासायला आठ दिवस, तिथे मुद्देच मोजले जाणार. पण राग आला, कुणाचा ते मला तेव्हा कळत नव्हतं. पुन्हा लिहायची परवानगी होती. शेतकऱ्यांच्या त्या एका कागदावर पाच रात्री घातल्या, मुलगी झोपल्यावर. तेच बायबल हातात घेऊन लूथरने काही आठवड्यांत ह्या शेतकऱ्यांवर किती कडवट लिहिलं, आणि हजारोंनी माणसं कशी कापली गेली, ते शेवटच्या परिच्छेदात आणलं. बी प्लस मिळाला.

मिडटर्मचं थोडक्यात सांगते. परीक्षेला ब्लू बुक लागते, निळ्या कव्हरची पातळ वही, आपणच कॉलेजच्या दुकानातून आणायची, कोरी. दोन प्रश्नांतला एक सोडवायचा, पंचाहत्तर मिनिटं. आपल्याकडे किती पुरवण्या लावल्या ह्यावरून पेपर कसा गेला ते कळतं ना, त्या सवयीने मी दोन वह्या भरल्या. शेजारच्या डॉमिनिकन मुलीने सहा पानं लिहिली आणि माझ्यापेक्षा चांगली ग्रेड मिळवली. तिने पहिली वीस मिनिटं काही लिहिलंच नव्हतं, नुसता विचार करत बसली होती.

आता जे चुकीचं होतं तेही सांगायला हवं, कारण रिव्ह्यूतल्या सगळ्याच तक्रारी काही ग्रेड न मिळालेल्यांच्या नव्हत्या. हजेरी. तीन लेक्चर बुडली तर चालतील, चौथ्यापासून प्रत्येक वेळी फायनल ग्रेड एक पायरी खाली, कारण काहीही असो, सिलॅबसमध्ये तसं लिहिलंय आणि सिलॅबस म्हणजे करार. ऑक्टोबरमध्ये माझ्या मुलीला स्ट्रेप थ्रोट, म्हणजे घशाचा संसर्ग, झाला, लागोपाठ दोन लेक्चर गेली, आधीची दोन गेलेली होती, झाली चार. डॉक्टरांची चिठ्ठी दाखवली तरी नाही म्हणजे नाही. आणि माझं तर एका पायरीवर भागलं, त्या गोदामातल्या मुलाचं काय झालं ते मला आजही सलतं. नोव्हेंबर-डिसेंबर म्हणजे इथल्या गोदामांमध्ये सणाच्या ऑर्डरींचा हंगाम, ओव्हरटाइमला नाही म्हणता येत नाही, त्याची सहा-सात लेक्चर गेली आणि कोर्समधून नाव काढून घ्यायच्या शेवटच्या दिवशी त्याने नाव काढलं. ट्रान्स्क्रिप्टवर, म्हणजे गुणपत्रकावर, डब्ल्यू (विथड्रॉ) लागतो, पैसे परत मिळत नाहीत. प्रागच्या खिडकीबद्दल वर्गातलं सगळ्यात चांगलं वाक्य ज्याने म्हटलं, त्यालाच तो कोर्स पुरा करता आला नाही. संध्याकाळचा वर्ग नोकरी करणाऱ्यांसाठी ठेवायचा आणि नियम दिवसाच्या पोरांचा लावायचा, हे मला तेव्हाही पटलं नव्हतं, आताही पटत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे सिलॅबसमध्ये आपण कुठेच नव्हतो. पहिल्या दिवशी स्टॅनफर्डचं एवढं सांगितलं, पण नोव्हेंबरात पहिलं महायुद्ध आलं तर साराजेव्होला ऑस्ट्रियाच्या युवराजाचा खून, २८ जून १९१४, खंदक, फ्रान्समधल्या व्हर्दां आणि सॉमच्या लढाया, संपलं. मी हात वर केला. म्हटलं, माझ्या जिल्ह्यात अपशिंगे नावाचं गाव आहे, त्याला सगळे अपशिंगे मिलिटरीच म्हणतात, त्या एका गावातले ४६ जण ह्या युद्धात मेले, त्यांचं स्मारक आहे तिथे, आम्ही शाळेत असताना बघितलंय. ते ह्या गोष्टीत कुठे येतात? सांगताना माझा आवाज कापत होता, कारण लहानपणी ते स्मारक बघितलं तेव्हा ही माणसं कुठल्या लढाईत कुणासाठी मेली हा प्रश्न मलाही पडला नव्हता, तो पडायला इतक्या लांब यावं लागलं. बाईंनी लगेच काही उत्तर दिलं नाही. पण पुढच्या लेक्चरला त्या फ्रान्समधल्या हिंदी शिपायांनी घरी लिहिलेल्या पत्रांच्या झेरॉक्स घेऊन आल्या. ब्रिटिश सेन्सॉरवाले शिपायांची पत्रं उघडून त्यांची इंग्रजी भाषांतरं करून ठेवायचे, म्हणून ती आज वाचायला मिळतात. हिंदुस्थानातून १३ लाखांच्या आसपास माणसं त्या युद्धात गेली, फ्रान्समध्ये, मेसोपोटेमियात, आफ्रिकेत, आणि मराठा पलटणी तर आजच्या इराकमधल्या कूतच्या वेढ्यात अडकल्या, हे त्या दिवशी वर्गात बोललं गेलं. बाई म्हणाल्या, पुढच्या सेमिस्टरला हे सिलॅबसमध्ये असेल. मग म्हणाल्या, आता सांगा, सेन्सॉर वाचणार आहे हे शिपायाला माहीत असेल तर तो काय लिहील आणि काय लिहिणार नाही? परत तेच, कोण, कुणाला, का.

फायनल पेपरचा विषय आपण निवडायचा होता, अट एकच, युरोपातली एक घटना त्यात हवी. मी १७८९ चा उन्हाळा घेतला. फ्रेंच राज्यक्रांतीत पॅरिसच्या लोकांनी बॅस्टीलचा तुरुंग फोडला ते आपल्या सगळ्यांना माहीत असतं, पण त्यानंतर जुलैच्या शेवटी खेड्यापाड्यांत जे झालं त्याला ‘मोठी भीती’ म्हणतात. दरोडेखोर येतायत, सरदारांनी पाठवलेत, अशा अफवा गावोगाव पसरल्या, शेतकरी हत्यारं घेऊन जमले, आणि दरोडेखोर काही आले नाहीत तेव्हा ते सरदारांच्या वाड्यांकडे वळले. तिथे त्यांनी काय शोधलं? कागद. कुणी किती वेठ द्यायची, किती धान्य द्यायचं, ह्याच्या हक्काच्या जुन्या नोंदवह्या. त्या बाहेर आणून पेटवल्या. ४ ऑगस्टच्या रात्री व्हर्सायला भरलेल्या असेंब्लीने सरंजामी हक्क रद्द केल्याचं जाहीर केलं ते ह्याच धगीने, पण त्यातही बरेच हक्क पैसे भरून सोडवून घ्यायचे होते, पूर्ण फुकट माफी व्हायला जुलै १७९३ उजाडावा लागला.

हे वाचताना मला सुपे आठवलं. १२ मे १८७५, पुणे जिल्ह्यातलं सुपे, बाजाराचं गाव. आपल्या शाळेच्या पुस्तकात ‘दख्खनचे दंगे’ म्हणून दोन ओळी असतात. शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर जाऊन वह्या आणि कर्जरोखे मागितले आणि जाळले, तिथून पुणे आणि नगर जिल्ह्यांत गावंच्या गावं उठली. आणि त्यामागे अमेरिकाच! इथे १८६१ ला यादवी युद्ध पेटलं, दक्षिणेतला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना, तेव्हा मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला, सावकार हात सैल सोडून कर्ज देत सुटले, १८६५ ला युद्ध संपलं, भाव उतरले, कर्ज मिळेनासं झालं, वर सरकारने सारा वाढवला. मी न्यू जर्सीत बसून इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या कापड गिरण्यांबद्दल वाचत होते आणि त्याचा धागा सुप्यात निघत होता, मला त्या आठवड्यात रात्री झोपच आली नाही.

पेपरचं म्हणणं मी एका वाक्यात लिहिलं, की दोन्हीकडच्या शेतकऱ्यांनी माणसांपेक्षा कागदावर हल्ला केला कारण आपली गुलामी नेमकी कुठे ठेवलीय हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तो अडाणी जमावाचा उद्रेक नव्हता. मग पुराव्याची पाळी आली तर सुप्याबद्दलचा सगळ्यात मोठा पुरावा म्हणजे सरकारी आयोगाचाच रिपोर्ट, जो १८७८ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटपुढे ठेवला गेला. त्यात सगळा ठपका सावकारांवर, वाढलेल्या साऱ्यावर नाही. आता मला कुणी सांगायची गरज नव्हती. कोण लिहितंय? सरकार. सारा कुणी वाढवला? सरकारने. त्यावर मी अख्खी दोन पानं लिहिली. नऊ पानांचा पेपर झाला. परत आला तेव्हा समासात ठिकठिकाणी पेन्सिलच्या खुणा, एका ठिकाणी मी ‘सगळे शेतकरी’ लिहिलं होतं तिथे ‘सगळे? कशावरून?’, आणि शेवटी ए मायनस, खाली एक ओळ, हे मला माहीत नव्हतं, हा रिपोर्ट कुठे वाचायला मिळेल ते सांग. पंधरा आठवड्यांत मला मिळालेली सगळ्यात मोठी गोष्ट ती ओळ आहे. कोर्सची ग्रेड हजेरीमुळे एक पायरी खालीच गेली, त्याबद्दल मी त्यांच्याशी पुन्हा बोलले नाही.

शेवटच्या आधीच्या आठवड्यात इव्हॅल्युएशन असतं. विद्यार्थ्यांनी प्रोफेसरांचं करायचं, नावाशिवाय. बाई वर्गाबाहेर गेल्या, पंधरा मिनिटं, आम्ही सगळे फोनवर फॉर्म भरत होतो. अपेक्षा स्पष्ट सांगितल्या का, एक ते पाच. काम वेळेवर तपासून दिलं का. विद्यार्थ्यांशी आपुलकीने वागतात का. शेजारच्या दोन मुलांनी मिनिटभरात सगळीकडे एकच आकडा दाबला आणि निघून गेली. मी मात्र पहिल्याच प्रश्नावर अडकले. अपेक्षा स्पष्ट? सप्टेंबरात मी एक दिला असता. आता?

मी नंतर वाचलं की नॉर्थ कॅरोलायनातल्या एका विद्यापीठात ऑनलाइन कोर्सवर एक प्रयोग झाला होता, २०१५ च्या सुमाराला प्रसिद्ध झाला. शिकवणारे दोन, एक बाई एक पुरुष, दोघांनी एकेका गटाला स्वतःच्या नावाने शिकवलं आणि एकेका गटाला एकमेकांच्या नावाने. बाईचं नाव दिसलेल्या गटांनी कमी मार्क दिले, काम त्याच वेळी तपासून दिलेलं असूनही वेळेवर तपासण्यातसुद्धा कमी दिले. ते वाचल्यावर आमच्या बाईंबद्दलचं ‘थंड आहे, हसत नाही’ मला वेगळंच दिसायला लागलं. त्याच कॉलेजात गणिताचे एक सर आहेत, तेही हसत नाहीत, त्यांच्या रिव्ह्यूमध्ये ते कुणी लिहिलेलं नाही. मी जाऊन बघितलं.

फॉर्मच्या खालच्या मोकळ्या चौकटीत मी इतकं लिहिलं की बाकीचे सगळे उठून गेले तरी मी लिहितच होते, बाई दारात येऊन परत गेल्या. हजेरीच्या नियमाबद्दल लिहिलं, संध्याकाळच्या वर्गाला आजारपणाची आणि कामाच्या पाळीची सूट हवी, एका हुशार मुलाला ह्या नियमाने बाहेर काढलं असं स्पष्ट लिहिलं. पहिल्या पेपरच्या आधी एक नमुना पेपर दाखवा असं लिहिलं, कारण थीसिस म्हणजे काय हे इथल्या शाळेत शिकलेल्या पोरांना माहीत असतं, बाहेरून आलेल्यांना नसतं, आणि सी मिळाल्यावर सगळेच काही केबिनमध्ये जात नाहीत. आणि मग लिहिलं की ह्यांनी मला इतिहास शिकवला. तेवढंच वाक्य इंग्रजीत फार छोटं वाटत होतं म्हणून त्याखाली शिपायांच्या पत्रांचं सगळं लिहिलं. अपेक्षा स्पष्ट सांगितल्या का ह्याला तीन दिले. अजूनही वाटतं तीनच बरोबर.

जानेवारीत पुढच्या सेमिस्टरचं रजिस्ट्रेशन चालू होतं तेव्हा लायब्ररीत एक मुलगा बसला होता, स्क्रीनवर बाईंचंच नाव उघडलेलं. मला ओळखत नव्हता, पण मागच्या टेबलावर माझी ब्लू बुक दिसली असावी, म्हणाला तुम्ही घेतलेला का हा कोर्स, कशा आहेत ह्या? मी विचारलं, तू नोकरी करतोस का? हो म्हणाला, शनिवार-रविवार. मग घे, म्हटलं. हजेरी सांभाळ, तीनच्या वर जाऊ देऊ नकोस, कुठलीही चिठ्ठी चालत नाही. पहिला पेपर लिहिण्याआधी, नंतर नाही, त्यांच्या केबिनमध्ये जा, बुधवारी दुपारी असतात. आणि पहिल्या महायुद्धाचं लेक्चर आलं की बघ शिपायांची पत्रं सिलॅबसमध्ये आहेत का, नसली तर हात वर कर.

त्याने ते सगळं हाताच्या पंजावर पेनने लिहून घेतलं.